पळायला कारण हवं

आपल्या कितीतरी शाळांमध्ये उठाबशा ही शिक्षा आहे. गृहपाठ राहिला, वर्गात बडबड केली, प्रार्थनेला उशीर झाला, की काढ वीस उठाबशा, नाहीतर मार ग्राउंडला तीन राउंड. अंग हलवायचं ते काहीतरी चुकलं म्हणून, हे मूल पहिली-दुसरीतच शिकतं. पुढे चाळिशीत डॉक्टर "रोज चालत जा" म्हणतात, तेव्हाही त्याला दंड झाल्यासारखंच वाटतं.

ऑक्टोबर २०१९मध्ये निन्टेंडो या जपानी कंपनीने 'रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर' नावाचा गेम आणला. त्यातही उठाबशाच आहेत. खेळणाऱ्याच्या हातात दाबता-ताणता येणारं एक लवचीक कडं असतं आणि मांडीला एक पट्टा. दोन्हींत बसवलेल्या कंट्रोलरमुळे यंत्राला हालचाल कळते. आपण जागच्या जागी धावलो की पडद्यावरचा नायक रानवाटेने धावतो. वाटेत राक्षस आडवा आला, तर त्याच्यावर वार करायचा तो उठाबशा काढून, प्लँक करून, वृक्षासनात तोल सांभाळून. त्याचा हल्ला आला की कडं पोटाशी घट्ट दाबून धरायचं, तीच ढाल. आणि या सगळ्याच्या मुळाशी आहे ड्रॅगो नावाचा, पिळदार अंगाचा, व्यायामाच्या नादाने बहकलेला ड्रॅगन.

मांड्या दोन्हीकडे सारख्याच भरून येतात. पण शिक्षेत विसावी उठाबशी काढली की सुटका होते आणि इथे विसाव्या उठाबशीला राक्षस कोसळतो, पुढची वाट मोकळी होते. गोष्टीमुळे श्रम कमी होत नाहीत, श्रमांना कारण मिळतं. मुलांच्या व्यायामाचा प्रश्न मला बराचसा या कारणाचाच प्रश्न वाटतो. गुण, बिल्ले, तक्ते, लठ्ठपणाची भीती, यांतलं काहीही मुलाला गोष्टीइतकं टिकाऊ कारण देत नाही. मात्र ती गोष्ट सांगताना मूल बसलेलं आहे की हलतं आहे, यावर पुढचं सगळं ठरतं.

बक्षिसांबद्दल आधी बोलू, कारण पालकांचा आणि अ‍ॅप बनवणाऱ्यांचा पहिला ओढा तिकडेच असतो. १९७३मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत एक प्रयोग केला. चित्रं काढायची मुळातच आवड असलेली मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल. ते त्यांना दिलंही. थोड्या दिवसांनी वर्गात रंगपेन नुसतेच ठेवले, तेव्हा हीच मुलं त्या पेनांपाशी इतरांच्या निम्माच वेळ रमली. आवडीचं काम मोबदल्याचं झालं आणि मोबदला थांबल्यावर आवडही आटली. पावलं मोजून नाणी देणारं प्रत्येक अ‍ॅप हाच धोका पत्करतं.

निन्टेंडोचा स्वतःचा आधीचा रस्ताही वेगळाच होता. २००७च्या शेवटी जपानमध्ये आलेल्या 'वी फिट'मध्ये एका फळीवर उभं राहायचं. यंत्र वजन घेई, उंचीशी त्याचं गुणोत्तर काढी आणि वजन जास्त निघालं तर पडद्यावरची तुमची बाहुली फुगवून दाखवी. दहा वर्षांच्या मुलीला यातून काय मिळत असेल? तिथे खेळाचा विषय तिचं शरीर होता आणि निकालही तिच्याच शरीराचा लागत होता. 'रिंग फिट'मध्ये विषय ड्रॅगन आहे. मुलाची नजर स्वतःच्या पोटावरून उचलून एका मोहिमेकडे वळवली गेली. या क्षेत्रातला सगळ्यात माणुसकीचा बदल मी यालाच म्हणेन.

आता ह्यूस्टनकडे वळू. तिथल्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये टॉम बरानोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचायला हवेत. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी ९ ते १२ वर्षांच्या मुलांना घरी निन्टेंडोचं 'वी' हे गेम खेळायचं यंत्र दिलं. काहींना अंग हलवायला लावणारे गेम दिले, काहींना बसून खेळायचे. व्यायाम करा असा आग्रह कुणालाही केला नाही. तेरा आठवड्यांच्या काळात कमरेला लावलेल्या मापकाने मुलांची हालचाल नोंदवली. दोन्ही गटांत फरक दिसला नाही. हालचालीचे गेम घरात आले, म्हणून मुलं जास्त हलली नाहीत. त्या गेममध्ये नाच होता, कसरती होत्या, मैदानी खेळ होते. पुढे काय होणार, हे कळण्यासाठी जीव टांगणीला लागावा, अशी गोष्ट मात्र त्यांत नव्हती.

दुसरा अभ्यास त्याच्या आदल्या वर्षीचा. त्यात 'एस्केप फ्रॉम डायब' हा गेम होता आणि त्याला भरगच्च गोष्ट होती. चांगलं अन्न आणि व्यायाम यांवर जिथे बंदी आहे, अशा एका दुष्ट दुनियेत डीजे नावाचा मुलगा जाऊन पडतो आणि तिथल्या मुलांसह सुटकेची धडपड करतो. हा गेम आणि त्याचा जोडीदार 'नॅनोस्वॉर्म' खेळलेली मुलं फळं आणि भाज्या आधीपेक्षा जास्त खाऊ लागली, हे लहानसहान यश नव्हे. शारीरिक हालचाल मात्र वाढली नाही. ही मुलं पळून जाण्याची गोष्ट संगणकासमोर बसून जगत होती.

एकात हालचाल आहे, गोष्ट नाही. दुसऱ्यात गोष्ट आहे, पण मूल बसलेलं आहे. हा अन्वयार्थ माझा आहे. तेरा आठवड्यांतल्या अपयशाला इतरही कारणं असू शकतात, उदाहरणार्थ घरी उड्या मारलेलं मूल मैदानात कमी खेळलं असेल. तरी या दोन निकालांमधली फट मला बोलकी वाटते.

ती फट बुजवायचा प्रयत्न एमी शिराँग लू यांनी केला. बरानोव्स्कींबरोबर त्यांनी या विषयावर लिहिलेलं आहे; पुढे त्या बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात हेच काम करत राहिल्या. २०१६च्या एका छोट्या अभ्यासात त्यांनी वजन जास्त असलेली चाळीस मुलं घेतली आणि सगळ्यांना तलवारबाजीचा एकच हालता गेम खेळायला दिला. निम्म्या मुलांना त्याआधी एक अ‍ॅनिमेशनपट दाखवला, ज्यामुळे हातातल्या तलवारीला शत्रू आणि हेतू मिळाला. गोष्ट पाहिलेल्या मुलांची खेळताना तेवढ्याच वेळात जास्त पावलं पडली. त्यांना कुणी "जोर लाव" म्हटलं नव्हतं. चाळीस मुलांवरून जगाचा नियम ठरत नाही, पण दिशा मिळते. गोष्टीत हरवून जाणं माणसाला आतून बदलतं, हे मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक यांनी २०००मध्ये वाचकांवर अभ्यास करून मांडलं होतं. इथे तो बदल पायांपर्यंत उतरलेला दिसतो.

त्यातही एक अडचण आहे. गोष्ट पडद्यावर सुरू झाली की मूल थांबतं. संवाद आला, पात्रं बोलू लागली की कडं खाली जातं, मूल सोफ्यावर टेकतं आणि नाडीचा वेग उतरतो. गोष्ट जितकी चांगली, तितका हा थांबा मोठा. यावर मला माहीत असलेला उत्तम तोडगा २०१२च्या 'झॉम्बीज, रन!'मध्ये सापडतो. हा गेम कानात असतो आणि पडदा खिशात. प्रलयानंतरच्या एका वस्तीसाठी औषधं, अन्न, बातम्या आणणारा धावपटू तुम्ही असता. रेडिओवरून वस्तीतली माणसं बोलत राहतात आणि मागून झॉम्बींचा घरघराट जवळ येऊ लागला की वेग वाढवावाच लागतो. ही गोष्ट घराबाहेर धावता धावता ऐकायची. विषय मोठ्यांचा आहे, लहानांना तो देऊ नये. पण त्याची रचना मुलांसाठी उचलण्याजोगी आहे.

नुसतं बाहेर पडणं पुरत नाही, हेही दिसलं आहे. २०१६च्या उन्हाळ्यात 'पोकेमॉन गो'ने जगभरची माणसं रस्त्यावर आणली. हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या तरुणांची पावलं मोजली, तेव्हा पहिल्या आठवड्यात ती रोजची साडेनऊशेच्या आसपास वाढलेली आढळली. सहाव्या आठवड्यात ती पुन्हा पूर्वीइतकी झाली. पकडायला प्राणी होते, पण उद्या काय घडणार याची हुरहुर लावणारं कथानक फारसं नव्हतं.

आपल्याकडच्या पोरांना हे सगळं यंत्राशिवाय साधलेलं आहे. विषामृत म्हणजे पळापळीच, पण एकाच्या हातात विष आहे आणि दुसऱ्याच्या हातात अमृत. त्या एका ओळीच्या कथेवर अंगण तासभर धावतं. दिवाळीत किल्ला करणारी मुलं घमेल्यांनी माती वाहतात, दगड उचलतात, पाण्यासाठी दहा वेळा जिना चढतात-उतरतात. त्याला व्यायाम म्हणायचं कुणाच्या मनातही येत नाही. जुलै १६६०मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटले, त्या रात्रीची आठवण म्हणून दर पावसाळ्यात शेकडो माणसं पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत चिखल तुडवत जातात, त्यांत शाळकरी मुलंही असतात. उष्मांक जाळण्यासाठी त्या पावसात कोण उतरलं असतं?

मग गेम हवेतच कशाला, पोरांना मैदानात सोडा, असं म्हणणाऱ्यांचं मला पटतं. पण मैदान सगळ्यांना मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये प्रसिद्ध केलेल्या १४६ देशांच्या पाहणीत ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं रोज तासभरही पुरेशी हालचाल करत नव्हती. मुलग्यांत हे प्रमाण ७८ टक्के होतं, मुलींत ८५. आपल्याकडे सातवी-आठवीतली मुलगी मैदानातून घरी येते आणि पुन्हा जात नाही, ते तिला खेळ आवडेनासा झाला म्हणून नव्हे. तिच्यासाठी दिवाणखान्यातला ड्रॅगन हा मैदानाचा पर्याय नसला, तरी काहीच नसण्यापेक्षा कितीतरी चांगला. 'रिंग फिट'मध्ये खालच्या मजल्यावर धपधप ऐकू जाऊ नये म्हणून धावण्याऐवजी गुडघे हलके वाकवून पुढे जायची सोयसुद्धा आहे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना तिचं मोल लगेच कळेल. यंत्र आपल्याकडे बाहेरून येतं आणि महाग पडतं, हे खरंच आहे. पण कानातली गोष्ट साध्या फोनवर चालते, आणि पीटीच्या तासाला तर फोनही लागत नाही. शिक्षकांनी राउंड मारून घेताना पन्हाळ्याचा वेढा रोज थोडा थोडा सांगत नेला आणि खिंडीच्या अलीकडे तास संपवला, तर दुसऱ्या दिवशी मुलं शिट्टीची वाट पाहतील.

हे काम लेखकाचं आहे, आणि दिवाळी अंकात हा विषय मांडायचं कारणही तेच. 'झॉम्बीज, रन!'च्या निर्मितीत सुरुवातीपासून नेओमी आल्डरमन ही कादंबरीकार होती. पुढे तिला २०१७चा विमेन्स प्राइझ फॉर फिक्शन हा पुरस्कार मिळाला. खेळ तयार झाल्यावर संवाद भरायला तिला बोलावलं नव्हतं, धावण्याची आणि गोष्टीची वीण तिने सुरुवातीपासून एकत्र घातली. मराठीत मुलांसाठी लिहिणाऱ्यांनी असं काम मागून घ्यावं. कुठलं वाक्य मूल धापा टाकत ऐकणार आहे, कुठे त्याला दम खायला मिळणार आहे, कुठल्या वळणावर उद्यापर्यंत थांबवायचं आहे, हे ठरवायला कथा सांगता येणारं माणूस लागतं. आणि गुडघ्यांवर, पाठीवर किती भार टाकायचा, हे सांगायला शेजारी एक फिजिओथेरपिस्ट.