दोराचं दुसरं टोक

डोंगरात गेलं की मन हलकं होतं, हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. पावसाळा लागला की पुण्या-मुंबईहून शनिवारी रात्री निघणाऱ्या बसगाड्या भरतात आणि जाहिरातीत जेवण-चहासोबत मनःशांतीचीही हमी असते. हा अनुभव खोटा नाही. पण त्याचं सगळं श्रेय निसर्गाला देऊन आपण मोकळे होतो. इर्शाळगडावर शहरातली माणसं वर्षानुवर्षं निवांतपणा शोधत गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच डोंगराची दरड इर्शाळवाडीतल्या ठाकरांच्या घरांवर कोसळली. डोंगर कुणाचं सांत्वन करायला उभा नाही. मग उघड्यावरच्या खेळांतून मोडलेली माणसं सावरतात, ती कशाच्या बळावर?

लुडविग गुटमान हे नाझी जर्मनीतून परागंदा होऊन १९३९ मध्ये इंग्लंडला आलेले ज्यू डॉक्टर. मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी त्यांनी १९४४ मध्ये स्टोक मँडव्हिलच्या हॉस्पिटलात विभाग सुरू केला. असे रुग्ण फार दिवस काढतील, अशी आशा तेव्हा वैद्यकालाही नव्हती. गुटमान यांनी त्यांना खाटेवरून उठवून कामाला आणि खेळाला जुंपलं. २९ जुलै १९४८ ला लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी व्हीलचेअरवरच्या १६ जणांनी या हॉस्पिटलच्या मैदानावर तिरंदाजीची स्पर्धा केली. पॅरालिंपिकचं मूळ इथे आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कणव भरपूर मिळते. त्याच्याकडून अपेक्षा मात्र कुणी ठेवत नाही. स्पर्धेत अपेक्षा असते, आणि नेम चुकला तर चुकला असं तोंडावर सांगितलंही जातं. त्या रोखठोकपणात मोठा सन्मान आहे.

या परंपरेचा एक धागा सांगली जिल्ह्यात येतो. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धा होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते अपंग झाले, मग पोहण्याकडे वळले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक त्यांनी विश्वविक्रमासह जिंकलं. भारताचं ते पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये. खेळाने शरीराला आणि मनाला उभारी दिली, पण ‘तू आमचा’ म्हणायला समाजाने ४६ वर्षं घेतली. बरं होणं आणि आपलं मानलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली खेळाडू जिद्दीने मिळवू शकतो. दुसरीसाठी इतरांना पुढे यावं लागतं.

जर्मनीतूनच १९३३ मध्ये परागंदा झालेले ज्यू शिक्षक कुर्ट हान यांनी या दोहोंना जोडणारी वाट शोधली. महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्ही इथे तरुण खलाशांना समुद्रात आणि डोंगरात घडवणारी ‘आउटवर्ड बाउंड’ शाळा त्यांच्या कल्पनेतून निघाली. दुसऱ्याचा जीव वाचवायची तयारी तरुणाला जितकी घडवते तितकं दुसरं काही घडवत नाही, अशी हान यांची धारणा होती. म्हणून बचावकार्य त्यांच्या शिक्षणात केंद्रस्थानी राहिलं. देशाने हाकललेल्या या दोघांनी आपापल्या परीने एकच ओळखलं: जिथे आपली गरज असते, तिथे माणूस रुजतो.

सह्याद्रीत हे दोराइतकं स्पष्ट दिसतं. प्रस्तरारोहणात पुढचा गडी कडा चढत असतो आणि खालचा त्याला बिले देत, म्हणजे त्याचा दोर सांभाळत असतो. ‘स्लॅक दे’ म्हटलं की दोर सोडायचा, ‘टाइट’ म्हटलं की ओढून घ्यायचा, पाय सुटला तर त्याच क्षणी रोखून धरायचा. खालच्याने आज नोकरी गमावली आहे की घटस्फोट घेतला आहे, याच्याशी वरच्याला देणंघेणं नसतं. त्याचा जीव त्या हातांवर असतो. ज्याला आपण कुठेच उपयोगी नाही असं वाटू लागलं आहे, त्याच्या हाती कुणी आपला जीव देतं, तेव्हा उपदेशाने जे साधत नाही ते साधतं. मुंबईचं गिरिविहार १९५४ पासून आणि पुण्याची गिरिप्रेमी १९८२ पासून, हे गिर्यारोहकांचे क्लब टिकून आहेत, यामागे शिखरांच्या ओढीबरोबर हे नातंही असणार. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रचे कार्यकर्ते अनोळखी माणसांना दरीतून काढायला हातातलं काम टाकून धावतात. इर्शाळवाडीच्या चिखलातही गिर्यारोहक मदतीला पोचले होते.

म्हणून आजच्या पैसे भरून जायच्या ट्रेकबद्दल माझी तक्रार गर्दीपुरती नाही. तिथे येणारा ग्राहक असतो: चहा तयार, वाट ठरलेली, जबाबदारी लीडरची. त्याला दृश्य मिळतं, फोटो मिळतात, सोबतही मिळते. पण तो आला नाही तर रिकामी राहते ती फक्त बसमधली एक जागा. जुन्या क्लबांतही सगळं आलबेल नाही. दोर-हार्नेसचा खर्च, शनिवार-रविवारची सुट्टी, रात्री घराबाहेर राहायची मुभा हे सगळं ज्यांना लाभतं त्यांनाच ही दारं सहज उघडतात. पायथ्याच्या वाडीतली माणसं वाट दाखवतात, पिठलं-भाकरी करून घालतात, क्लबात मात्र क्वचितच दिसतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे आदिवासी विद्यार्थी २०१८ मध्ये एव्हरेस्टवर पोचले, तेव्हा उणीव कुवतीची नसून संधीची होती, हे सिद्ध झालं.

कडा चढणं हा नैराश्यावरचा इलाज मानू नये. औषध लागतं तिथे डॉक्टरच हवा. पण औषध चालू असतानाही माणसाला जागा लागते, आणि ती जागा कामातून मिळते. डोंगरी संस्थांनी खचून आलेल्या नवख्याला जपून, मध्ये घालून, फिरवून आणू नये. त्याला गाठी मारायला शिकवावं, तयार झाला की बिलेवर बसवावं, आणि पुढच्या रविवारी तो आला नाही तर फोन करून विचारावं, ‘कुठे आहेस? तुझ्यावाचून अडलंय.’ मात्र ते खरोखरच अडलेलं असायला हवं.