कुंडी बदलताना

ऑर्किडची पानं मलूल पडली की दोन शक्यता असतात. एक तर पाणी कमी पडलंय, किंवा जास्त पाण्यानं मुळं कुजलीत. वरून दोन्ही सारखंच दिसतं. मुळंच उरली नाहीत तर पानापर्यंत पाणी पोचणार कसं? म्हणजे तळाला चिखल आणि वर पान तहानलेलं. बघणारा काय करतो? आणखी एक ग्लास ओततो.

मीही तेच केलं. परभणीत, मे महिन्यात, जिथं पारा चाळिशी ओलांडला की आपल्यालाच दर तासाला तहान लागते. पुण्याच्या मैत्रिणीनं दिलेलं फॅलेनोप्सिस मी बसमध्ये मांडीवर घेऊन आणलं होतं. इथलं ऊन त्याला सोसणार नाही म्हणून कूलरच्या खोलीत ठेवलं आणि रोज पाणी घातलं. तेही आरओ मशीनमधून वाया जाणारं. पाणी वाचवल्याचं पुण्यही मिळत होतं ना. त्या पाण्यात गाळून मागं राहिलेले क्षार भरलेले असतात, हे सुचलंच नाही. पानांच्या कडा करपल्या तसं मी पाणी वाढवलं.

आईनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "आंब्यावरचं बांडगूळ पैसे देऊन आणलंस व्हय?"

मी तिला शहाणपणा शिकवला. बांडगूळ आंब्याच्या फांदीत मुळं घुसवून त्याचा रस ओढतं. ऑर्किडच्या बऱ्याच जाती झाडावर नुसत्या बसतात. आधार झाडाचा, पाणी पावसाचं आणि हवेतलं. मराठीत ऑर्किडला आमरी म्हणतात आणि सह्याद्रीत झाडांवर लोंबणाऱ्या एका आमरीला सीतेची वेणी, हेही सांगितलं. "बरं," म्हणाली आणि शेंगा निवडत बसली.

वडील गेल्यावर आई गंगाखेडजवळच्या गावात एकटीच होती. मी एकुलती एक. वर्षभर मागं लागून तिला इथं आणलं. लेकीच्या घरी कायमचं राहायचं ही आमच्याकडं सोपी गोष्ट नाही, पण बीपी, रात्रीचं एकटेपण, गळका माळवद असं सगळं पुढं करून मी जिंकले. इथं आल्यावर ती गप्प झाली. ते मला एकटेपण वाटलं. मग तिला मोबाईल घेऊन दिला, टीव्ही तिच्या खोलीत नेला, शेजारच्या काकूंना रोज बोलवायला लागले. कामाला हात लावू दिला नाही. एका दुपारी ती फोनवर मावशीला सांगत होती, "लेकीच्या घरचं बांडगूळ झाले बघ."

मी दाराशी उभी होते. तिला ते कळलं की नाही, अजून माहीत नाही.

जूनमध्ये कुंडी बदलायला घेतली. एरवी नवी मुळं फुटताना बदलायची असते, पण कूज लागलेली असली की थांबता येत नाही. कात्री गॅसवर तापवून घेतली. नारळाच्या सोडणाचे तुकडे क्षार जावेत म्हणून दोन दिवस पाणी बदलून भिजवले होते. कोळसा इस्त्रीवाल्याकडून आणला, धूळ धुऊन टाकली. कुजलेलं मूळ ओळखायला सोपं असतं. दाबलं की पिचकतं, ओढलं की वरचं साल निघून हातात दोरा राहतो. जिवंत मूळ घट्ट असतं, कोरडं असताना चांदीसारखं, ओलं झालं की हिरवं. अवघड असतात ती मधली. अर्धी मऊ, अर्धी घट्ट. त्यांच्यावर कात्री धरून मी बराच वेळ बसले.

आणि काही जिवंत मुळं कुंडीच्या आतल्या भिंतीला चिकटली होती. ओढली तर तुटणार. अशा वेळी जाणते लोक मूळ सोडवत बसत नाहीत, कुंडी कापतात. मातीची असेल तर फोडतात, आणि खापरीचा जो तुकडा सुटत नाही तो मुळासकट नव्या कुंडीत जाऊ देतात. मी प्लास्टिक कापलं. दोन तुकडे सुटले नाहीत, तसेच राहू दिले.

कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञानं १७८५ साली मांडलं, की सद्हेतूनं काही साधलं नाही तरी त्याचं मोल कमी होत नाही. कॉलेजात हे वाचून मी भारावले होते. आता कुजलेल्या मुळांचा ढीग समोर होता आणि माझा हेतू अगदी स्वच्छ होता. पण हा स्वच्छपणा कुणाच्या कामाचा? माझ्याच. त्यानं मला झोप लागत होती. "तुझ्या भल्यासाठी" म्हटलं की समोरच्याला नाही म्हणायला जागाच राहत नाही, आणि म्हणणाऱ्याला तपासायची गरज वाटत नाही. कांटच्या बाजूनं इतकं म्हणायला हवं, की नुसत्या इच्छेला तो सद्हेतू म्हणत नाही, हाती असलेले सगळे उपाय करून पाहणं त्यात येतं. मी एक साधा उपाय केला नव्हता. कुंडीत बोट घालून ओल किती आहे ते पाहिलं नव्हतं.

झाडाला निदान विचारता येत नाही. आईला येत होतं.

विचारलं तेव्हा ती लगेच बोलली, जणू उत्तर तयारच होतं. "माळवद दुरुस्त करून दे. पेरणी बघायची हाय. दिवाळीला येते." मी बीपीचं काढलं. "गोळ्या काय परभणीतच चालतात व्हय?" आता खरा पेच इथं आहे. रात्री-बेरात्री तिला काही झालं तर तिथं शेजाऱ्यांशिवाय कुणी नाही. मी तिचं ऐकलं, हे त्या रात्री मला पुरेल का? तिला अडवून ठेवण्यात प्रेम किती आणि माझी भीती किती, हे मला नीट वेगळं करता येत नाही. अर्धं मऊ, अर्धं घट्ट.

माळवदावर पत्रे टाकले. जुलैत तिला बसमध्ये बसवून दिलं. जाताना तिनं मोबाईल नेला, टीव्हीबद्दल काही बोलली नाही. ऑर्किडची दोन पानं गळली, तीन राहिलीत. पाणी आता सोडण कोरडं व्हायला आलं की घालते, तेही पावसाचं, बादलीत धरलेलं. रोज रात्री आठला फोन करते. परवा तिनं विचारलं, "बांडगूळ जगलं का?"

"अजून कळत नाही," मी म्हटलं. मग ती पेरणीचं सांगायला लागली.