पाहून झालेलं तळं

नोकरीच्या निमित्तानं वर्ध्याचं एक कुटुंब विलायतेत जाऊन राहिलं. नवरा, बायको, दोन मुलं. गाव मिल्टन कीन्स. लंडनच्या वायव्येला १९६७ नंतर आखून-मोजून वसवलेलं शहर. रस्ते चौकटीचौकटीचे, जिथं दोन रस्ते भेटतात तिथं गोल चक्कर, आणि पायी चालणाऱ्यांसाठी लालसर वाटा वेगळ्या.

आठवडाभर घर घड्याळावर चालायचं. डबे, शाळा, ऑफिस, संध्याकाळी ओले कपडे रेडिएटरवर. रविवार मात्र सहलीचा. फ्रिजच्या दारावर एक यादी चिकटवलेली होती. ब्लेचली पार्क, लंडनचा टॉवर, स्टोनहेंज, बाथ. ठिकाण पाहून झालं की धाकटा त्यावर लाल पेनानं काट मारायचा. चार वर्षांत दोन पानं भरली. शेजारच्या घरात कोण राहतं, हे मात्र कुणालाच धड ठाऊक नव्हतं.

मार्चमध्ये आजी आली. व्हिसा सहा महिन्यांचा. आल्या आल्या थंडीनं गारठली, म्हणून पहिली सहल जवळचीच काढली. विलेन तळं. तळ्याकाठी टेकाडावर पांढरा स्तूप होता. तिच्या मुलानं माहिती वाचून दाखवली. जपानच्या निप्पोनझान म्योहोजी संघाच्या भिक्षू-भिक्षुणींनी तो १९८० मध्ये बांधला. पाश्चात्त्य देशांतला हा पहिला शांतिस्तूप. उतारावरची चेरीची आणि देवदाराची झाडं सगळ्या युद्धांत मेलेल्यांच्या आठवणीसाठी लावलेली.

आजी मान वर करून पाहत राहिली. “अरे, हा तर आपल्या वर्ध्याच्या गीताई मंदिराजवळच्या स्तूपासारखा!”

तेवढ्यात एक भिक्षू हातातली चपटी डफली वाजवत, मंत्र म्हणत आला. आजीनं हात जोडले आणि त्याच्याबरोबर म्हणायला लागली. नातवंडं चकित झाली. तिला नवल नव्हतं. सेवाग्राम आश्रमातली प्रार्थना ह्याच जपानी मंत्रानं सुरू होते. संघाचे फुजी गुरुजी १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले होते, आणि पुढे त्यांच्या भिक्षूंमुळे तो मंत्र आश्रमात रुजला. मुलगा वर्ध्यातच लहानाचा मोठा झालेला. पण त्या प्रार्थनेला तो कधी बसला नव्हता.

घरी आल्यावर धाकट्यानं विलेन तळ्यावर काट मारली.

पुढच्या रविवारी केंब्रिजचा बेत होता. आजी म्हणाली, “तुम्ही जा. मी त्या तळ्यावर जाते.”

“आई, ते पाहून झालं ना?”

“पाहून झालं. पण ओळख कुठं झाली?”

तिला एकटीला कसं सोडायचं? केंब्रिज राहिलं आणि सगळे पुन्हा तळ्यावर गेले. मुलं कुरकुरली. आजीनं पिशवीतून शिळ्या पावाचे तुकडे काढले आणि हंसांना घालायला लागली. कुत्रा फिरवायला आलेला एक म्हातारा गोरा गृहस्थ थांबला. पाव घालू नका, म्हणाला, त्यानं पाखरांचं पोट भरतं पण अंगी लागत नाही, मटार घाला. सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजीनं तिच्याकडून नीट समजून घेतलं आणि हसली. “बरोबर आहे त्यांचं. आपणही गाईले शिळं घालत नाही.”

तिसऱ्या रविवारी आजीनं डब्यात मटार नेले. फ्रीजरमधले काढून रात्रभर बाहेर ठेवलेले, हाताला गार लागणारे पण मऊ झालेले दाणे. म्हाताऱ्यानं लांबूनच डबा पाहिला आणि हात वर केला.

मग तो नेमच पडला. एप्रिलमध्ये चेरी फुलल्या, आठवड्याभरात पाकळ्या गवतावर आल्या. एरवी तळ्यावर एकदाच गेलेल्या माणसाच्या नशिबात ह्यातलं एकच दृश्य असतं. थोरलीला हंसांची घरटी कुठं ते कळलं. धाकट्यानं भिक्षूच्या डफलीचा ठेका उचलला. म्हाताऱ्यानं मुलाला सांगितलं की हे तळं मुळात शोभेचं नाही. शहर वसवलं तेव्हा पावसाचं पाणी साठवायला, नदीला पूर येऊ नये म्हणून ते खोदलं. त्याआधी इथं शेतं होती. आजीला इंग्रजी येत नव्हतं आणि त्याला मराठी. तरी दोघं बाकावर अर्धा-अर्धा तास बोलत बसायची. काय बोलायची ते सुनेला शेवटपर्यंत कळलं नाही.

आजीचं आणखी एक होतं. बाकाखाली पडलेली बाटली, वेष्टन उचलून ती कचरापेटीत टाकायची. सून म्हणाली, “आई, राहू द्या. लोक काय म्हणतील? आपण इथं पाहुणे.”

“मी पाहुणी आहे, सहा महिन्यांची,” आजी म्हणाली. “तुम्ही चार वर्षांचे. तुम्ही काहून पाहुणे?”

मग बाकावर बसून तिनं सुनेला माहेरची गोष्ट सांगितली. माहेर पवनारजवळचं सुरगाव. तिच्या आईनं तिला सांगितलेलं, विनोबा पवनारहून पायी यायचे, खांद्यावर फावडं, आणि गावाची घाण साफ करायचे. पहिल्या दिवशी लोकांनी तमाशा म्हणून पाहिलं. दुसऱ्या आठवड्यात कुणी पाहीनासं झालं. ते येतच राहिले. “एकच दिवस येऊन गेले असते,” आजी म्हणाली, “तर गावानं फोटो काढला असता आणि विसरून गेलं असतं.”

सुरगावात तेव्हा कॅमेरा कुणाकडे असणार! पण सुनेनं ते बोलून दाखवलं नाही.

सप्टेंबर लागता लागता आजी परत गेली. निघताना तिनं कुणाला काही शिकवलं नाही, बजावलं नाही. मटारचा डबा तेवढा धुऊन ओट्यावर उपडा घातला.

परदेशी राहणाऱ्या माणसाला गाव पाहायची घाई असते, आणि ती काही चूक नाही. इतक्या लांब येऊन बघायचं नाही तर काय करायचं? पण पाहणारा माणूस कितीही वर्षं राहिला तरी पाहणाराच राहतो. गावानं आपल्याला पाहावं, आपण आलो नाही तर कुणीतरी विचारावं, ह्यासाठी एकाच जागी पुनःपुन्हा जावं लागतं, आणि जाताना हातात काही न्यावं लागतं. आजीला यादी वाचता येत नव्हती, म्हणून तिला हे आधी सुचलं असेल.

पुढच्या रविवारी घरात कुणी बेत विचारला नाही. मटार आदल्या रात्रीच बाहेर काढलेले होते. तळ्याकाठी म्हाताऱ्यानं चौघांकडे पाहिलं आणि मागं कुणी येतंय का ते पाहिलं. सुनेनंच पुढं होऊन सांगितलं, आई वर्ध्याला गेल्या, पोचल्या, गुडघा दुखतोय. एरवी चार शब्दांवर न जाणारी ती, बराच वेळ बोलत राहिली. म्हातारा म्हणाला, घर इथून जवळच आहे, चहाला याल का?

त्या शहरात कुणाच्या घराचा उंबरठा ओलांडायची ही त्यांची पहिलीच वेळ. रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून ती त्या दिवशी गेली नाहीत. पुढच्या रविवारी गेली. मधल्या आठवड्यात वर्ध्याहून येणाऱ्या एका ओळखीच्याकडून आजीनं गोरसपाक बिस्किटांचा डबा पाठवला होता. म्हाताऱ्यानं एक तुकडा चहात बुडवला, खाल्ला, दुसरा घेतला. मग कुत्र्याला बाजूला सारत त्यानं विचारलं, येत्या रविवारी तुम्ही किती वाजता येणार?