पाठ फिरवलेली माणसं

१२ जून २०२१. रात्रीचे दहा वाजून गेले होते. पुतण्या युरो करंडकातला डेन्मार्क-फिनलंड सामना बघत होता, मी शेजारच्या खाटेवर आडवा झालो होतो. फुटबॉलमधलं मला फारसं कळत नाही; पुतण्याचा आवाज एकाएकी बंद झाला म्हणून उठून बसलो. कोपनहेगनच्या मैदानावर डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन कोसळला होता. कुणाचा धक्का लागलेला नव्हता.

डॉक्टर छातीवर दाब देऊ लागले आणि सोबत्यांनी त्याच्याभोवती कडं केलं. त्याच्याकडे पाठ, तोंडं बाहेर. काहीजण रडत होते. मराठीत पाठ फिरवली म्हणजे साथ सोडली. पाठ फिरवूनच कुणाच्या पाठीशी उभं राहता येतं, हे मी त्या रात्री पाहिलं.

कॅमेरा मात्र फट शोधत राहिला. मैदानात धावत आलेली त्याची जोडीदारीण रडताना जवळून दाखवली. अशा सामन्याचं चित्र एकाच ठिकाणी तयार होतं. दिग्दर्शक समोरच्या पडद्यांतून एक निवडतो आणि तेच देशोदेशी जातं. वाहिन्या त्यावर आपल्या भाषेतलं समालोचन चढवतात. फार तर चित्र सोडून स्टुडिओत परततात. बीबीसीने नंतर प्रेक्षकांची माफी मागितली. एरवी कुणी आगंतुक मैदानात घुसला तर कॅमेरा दुसरीकडे वळवायचा प्रघात आहे. म्हणजे नजर वळवणं त्यांना जमतं.

मी माळकरी, नामदेव महाराजांच्या नर्सीकडचा. औंढ्याला नागनाथासमोरून नामदेवांना उठवून मागे पाठवलं तेव्हा देऊळच फिरलं, ही कथा आमच्याकडे लेकरालाही येते. नंदी अजून मागच्या बाजूलाच आहे. दर्शन म्हणजे हेच, असं मी मानत आलो: आपण देवाला बघायचं आणि देवाने आपल्याला. पण नैवेद्याच्या वेळी त्याच देवापुढे पडदा ओढतात. देव जेवतोय, बघू नये. मग जो शुद्धीत नाही, ज्याची नजर आपल्या नजरेला परत भेटू शकत नाही, त्याच्यापुढे पडदा नको? त्याला बघणं हे दर्शन कसं होईल? ते एकतर्फी घेणं झालं.

पण इथे माझं मन अडतं. त्या रात्री मी हात जोडले ते दिसलं म्हणूनच. त्याच्या नात्यातलं कुणी दूर घरी बसून बघत असेल, तर त्याला पडदा सोसला असता का? स्टेडियममध्ये फिनलंडचे प्रेक्षक ‘ख्रिश्चन’ म्हणत होते, डेन्मार्कचे ‘एरिक्सन’. स्ट्रेचर बाहेर नेताना आडोशाला फिनलंडचे झेंडेही धरले होते. हाक मारत होते आणि झाकतही होते. दोन्ही प्रेमच.

एरिक्सन वाचला. १६ जून २०२४ला पुढच्याच युरोत स्लोव्हेनियाविरुद्ध त्याने गोल केला, तेव्हा पुतण्याने मला मुद्दाम उठवलं. तो धावत होता, हसत होता. ते मी डोळे भरून पाहिलं.

माझा थोरला भाऊ त्याआधीच गेला होता, २०१८ साली, आठवडी बाजारात. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. संध्याकाळी कुणीतरी काढलेला व्हिडिओ माझ्या फोनवर आला. काढणाऱ्याचा मला राग आला, अजून आहे. पण तो व्हिडिओ मी पुसलेला नाही. दादाचे शेवटचे क्षण माझ्याजवळ तेवढेच आहेत. वहिनीला त्याबद्दल सांगितलेलं नाही.

चाळीस सेकंदांचा आहे. गर्दी वाकून बघते आहे, कुणी पाणी मागतंय. मग एक हमाल आत शिरतो. खांद्यावरचा रुमाल झटकून दादाच्या तोंडावर सावली धरतो आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहतो. पुढे त्याची पाठच दिसते, घामाने भिजलेली, हळदीने पिवळी झालेली. व्हिडिओ तिथे संपतो.