शाळा समितीचे सदस्यत्व : मान की अमानत?



शाळेत पालकसभा भरते. मुख्याध्यापक शाळा व्यवस्थापन समितीसाठी नावे विचारतात. अशा वेळी ज्याला थोडीफार जाण आहे, ज्याच्या शब्दावर मोहल्ल्याचा विश्वास आहे, तोच बहुधा मान खाली घालून बसतो. पद मागू नये ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे, तेव्हा आपण दूर राहिलेले बरे, अशी तो मनाची समजूत घालतो. ही समजूत कितपत योग्य आहे, याचा आज विचार करू या.

शिकवण निश्चितच आहे. प्रेषितांनी (स.) हजरत अब्दुर्रहमान बिन समुरा (रजि.) यांना अधिकारपद मागून घेऊ नये असे बजावले, न मागता जबाबदारी आली तर अल्लाहचे साहाय्य लाभते आणि मागून घेतली तर माणूस तिच्या हवाली केला जातो, असे सांगितले. हजरत अबू जर (रजि.) यांनी पदाची इच्छा व्यक्त केली, तेव्हा ते या कामासाठी दुर्बळ आहेत, पद ही अमानत आहे आणि तिचा हक्क न देणाऱ्याच्या वाट्याला कियामतच्या दिवशी अपमान व पश्चात्ताप येईल, असे प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले.

मात्र पवित्र कुरआनच्या सूरह यूसुफमध्ये हजरत यूसुफ (अ.) स्वतःहून मिस्रच्या राजाकडे कोठारांचा कारभार मागतात. दुष्काळ येऊ घातला होता, लोकांच्या तोंडच्या घासाचा प्रश्न होता. आपण रक्षण करू शकतो आणि त्याचे ज्ञानही आपल्याला आहे, हीच दोन कारणे ते पुढे करतात. घराणे नाही, मान नाही, लाभ नाही. म्हणून उलमांनी भेद केला आहे : मोठेपणाची हाव निषिद्ध आहे, परंतु लोकांचा हक्क बुडत असेल आणि तो राखण्याची पात्रता आपल्यात असेल, तर पुढे होणे अनुज्ञेय आहे, आणि दुसरा कोणी पात्र नसेल तर ते कर्तव्यही ठरते.

आता ही समिती काय आहे ते पाहा. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षण हक्काच्या कायद्याच्या कलम २१ नुसार तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि अनुदान कसे खर्च होते हे पाहणे ही तिची कामे होत. खाजगी अनुदानित शाळांत तिची भूमिका सल्ला देण्यापुरती असली, तरी जिल्हा परिषद व नगरपालिकेच्या शाळांत, त्यांच्या उर्दू शाळांतही, हे अधिकार पालकांच्या हाती आहेत. शिक्षकाची जागा रिकामी राहते, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नसते, पोषण आहाराचा तांदूळ निकृष्ट येतो, आणि आपण चौकात उभे राहून सरकारला बोल लावतो. समितीच्या बैठकीत मात्र त्याची नोंद करणारे कोणीच नसते.

सूरह निसाच्या ५८ व्या आयतीत अमानती त्यांच्या हक्कदारांना सोपवण्याची आणि लोकांमध्ये न्यायाने निवाडा करण्याची आज्ञा आहे. भाष्यकार तिचा संबंध मक्काविजयाच्या प्रसंगाशी जोडतात. काबागृहाची किल्ली आपल्या घराण्याकडे यावी अशी प्रेषितांच्या (स.) जवळच्या आप्तांची इच्छा होती, प्रेषितांनी (स.) ती हजरत उस्मान बिन तल्हा (रजि.) यांनाच परत दिली. जिथे काबागृहाच्या किल्लीसाठी नाते पाहिले गेले नाही, तिथे शाळेच्या समितीसाठी आपण भाऊबंद, जमात आणि गट कसे पाहतो?

मत देणे ही एक प्रकारची साक्ष आहे, असे उलमांनी म्हटले आहे. अपात्र माणसासाठी हात वर करणे म्हणजे त्याच्या पात्रतेची खोटी साक्ष देणे, आणि खोट्या साक्षीची गणना प्रेषितांनी (स.) महापापांत केली आहे. न झालेल्या बैठकीच्या इतिवृत्तावर सही करणारा आणि न पाहिलेल्या खर्चाला मंजुरी देणारा सदस्यही याच पापाच्या उंबरठ्यावर उभा असतो. ‘मुख्याध्यापकांनी सांगितले म्हणून सही केली’ हे उत्तर आखिरतमध्ये चालणार नाही.

शाळेत इतर धर्मीयांची मुले असतील तर तीही आपल्या अमानतीत आहेत. एखाद्या लोकसमूहाचे वैरही तुम्हाला अन्यायाकडे नेऊ नये, अशी सूरह माइदाची ताकीद आहे. मग शेजाऱ्याच्या लेकराची गोष्ट काय सांगावी!

भगिनींनो, तुमच्या जागेवर तुमचे नाव आणि बैठकीत तुमचे पती, असे होऊ देऊ नका. उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांना लिहिणे शिकवणाऱ्या हजरत शिफा बिन्ते अब्दुल्लाह (रजि.) याच उम्मतच्या होत्या. मुलगी शाळा का सोडते, हे आईइतके कोणाला ठाऊक असते?

तेव्हा पुढच्या पालकसभेपूर्वी दोन रकात नमाज पढून स्वतःला तीन प्रश्न विचारा. मी बैठकांना वेळ देऊ शकेन का? हिशेब समजून घेण्याची माझी तयारी आहे का? माझ्या नातलगाची चूक निघाली तर मी बोलेन का? उत्तर होय असेल तर नाव द्या. नसेल तर जो पात्र आहे त्याचे नाव सुचवा आणि त्याच्या पाठीशी उभे राहा. आणि बैठक अशा वेळी ठेवायला सांगा की रोजंदारीवर जाणाऱ्या पालकाची मजुरी बुडू नये.

अल्लाह आपल्याला पदाच्या मोहापासून आणि जबाबदारीतून पळ काढण्यापासून वाचवो, आणि आपल्या मुलांना उपयुक्त ज्ञान देवो. आमीन.