शेजाऱ्याचे कासव



निर्गम ग्रंथाच्या 23व्या अध्यायात एक छोटी आज्ञा आहे. आपला द्वेष करणाऱ्या माणसाचे गाढव ओझ्याखाली पडलेले दिसले, तर तोंड फिरवून पुढे जायचे नाही. हात देऊन त्याला उठवायचे. गाढव आपले नाही, मालकाशी आपले बोलणेही नाही, तरी देव आपल्याला तिथे थांबवतो.

आज रत्नागिरीत ओझ्याची गाढवे सहसा दिसत नाहीत. पण घरात कासव असले की पैसा टिकतो, असे ऐकून कुणी पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले स्टार कासव आणतो. टबात पाणी भरून त्यात सोडतो, पोळीचा तुकडा टाकतो. मुले चार दिवस खेळतात, मग टब बाथरूमच्या कोपऱ्यात जातो. हे कासव पाण्यातले नव्हेच! ते कोरड्या माळावरचे, गवत-पाला खाणारे. खोल पाण्यात ते बुडून मरते. ऊन आणि योग्य चारा मिळाला नाही, तर त्याची पाठ मऊ आणि वेडीवाकडी होते. ती पाठ म्हणजे वरून घातलेली पेटी नव्हे. बरगड्या आणि कणा तिलाच जोडलेले असतात, तिला भोक पाडले तर त्याला दुखते.

शेजारी हे पाहतात आणि म्हणतात, "त्याचे आहे, तो बघेल."

बलामाची गाढवीही त्याच्याच मालकीची होती. तरी, तिला तीन वेळा का मारलेस, असा जाब देवदूताने त्याला विचारलाच. त्या गाढवीला देवाने वाचा दिली होती. कासव महिनोन्महिने मुकाट्याने झिजते, आणि मालकाला वाटते, किती शांत आहे! माणसाला प्राण्यांवर सत्ता दिली आहे असे सांगणारे उत्पत्तीचा पुढचा अध्याय बहुधा वाचत नाहीत. तिथे माणसाला बाग राखण्याचे काम दिले आहे.

शिवाय, "त्याचे आहे" हेही खरे नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यातील 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि स्टार कासव पहिल्या अनुसूचीत आले. ते विकणे, विकत घेणे, घरात ठेवणे गुन्हा आहे. शिक्षा तीन ते सात वर्षांची.

मग लगेच तक्रार करायची का? मत्तयच्या 18व्या अध्यायात प्रभू आधी एकट्याने भावाकडे जायला सांगतो. पुष्कळांना कायदा ठाऊकच नसतो. आपल्याच जिल्ह्यातील वेळास गावी पूर्वी समुद्री कासवांची अंडी खाल्ली आणि विकली जात. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेतले, आणि आता तेच गाव अंड्यांची राखण करते. तेव्हा शेजाऱ्याशी चारचौघांत नव्हे, घरी जाऊन बोला. पण त्याने ऐकले नाही, तर नात्याची भीड धरून दिवस घालवू नका. वन विभागाचा 1926 हा क्रमांक लावा.

एक मात्र आवर्जून सांगा: घाबरून ते कासव नदीत किंवा रानात सोडू नये. कोकणातला पाऊस त्याला सोसणारा नाही. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारी, कानाजवळ लाल पट्टा असलेली परदेशी कासवेही विहिरीत, तळ्यात सोडू नयेत. ती आपल्या इथल्या कासवांचे अन्न आणि जागा बळकावतात. वन विभागाची माणसे येईपर्यंत टबातले पाणी काढायला सांगा. कोरडी जागा, थोडे कोवळे ऊन आणि मूठभर हिरवे गवत एवढे त्याला पुरे.