शिक्षकाचे विद्यार्थीपण

भाषाशिक्षकाच्या हाती लाल शाई येते, तेव्हा न्यायाधीशाचा अधिकारही येतो. विद्यार्थ्याने लिहिलेल्या शब्दाखाली रेघ ओढून तो ‘अशुद्ध’ असा निवाडा देतो. हा निवाडा त्या शब्दावर होतो, की तो शब्द ज्या घरातून आला त्या घरावर? हा प्रश्न व्याकरणाइतकाच नीतीचाही आहे. तंजावरकडे पाहिले म्हणजे तो विशेष तीव्रतेने जाणवतो.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजींनी येथे स्थापिलेले मराठी राज्य १८५५ मध्ये संपले. पण भाषा घरांघरांत उरली. रस्त्यावर आणि शाळेत तमिळ, माजघरात मराठी, अशा जगण्यात तिने काही जुनी रूपे जपली आणि भोवतालचे शब्द आपलेसे केले. अशा घरातील मूल पुण्यात छापलेले पुस्तक उघडते, तेव्हा आईच्या तोंडचा शब्द त्याला तेथे सापडत नाही. शिक्षकाने तो शब्द चुकीचा ठरवावा काय?

याला एक रास्त उत्तर आहे. प्रमाणभाषा शिकवली नाही, तर ग्रंथांचे आणि व्यवहाराचे मोठे जग त्या मुलाला बंद होईल. घरच्या बोलीचे नुसते कौतुक करून त्याला तेथेच ठेवणे ही दयाबुद्धीच्या रूपाने झालेली वंचना होय. म्हणून दुरुस्ती टाळता येणार नाही. तिच्याआधी मात्र एक विवेक हवा. लिहिताना हात घसरला, ती चूक. दाखविताच मूल ती ओळखते. सारे घर जे पिढ्यान्‌पिढ्या बोलते, ते वेगळेपण. दोहोंना एकच लाल रेघ देणारा शिक्षक भाषा शिकवता शिकवता मुलाला आपल्या माणसांची लाज वाटायला शिकवतो.

हा विवेक येण्यासाठी शिक्षकाला मुलाची भाषा ऐकता आली पाहिजे. येथे तंजावरच्याच एका शिक्षकाची आठवण होते. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हा जर्मन धर्मोपदेशक १७५० मध्ये तरंगंबाडीस उतरला आणि प्रथम तमिळचा विद्यार्थी झाला. पुढे तो मराठीही शिकला. तुळजाराजांनी बाल सरफोजींना त्याच्या देखरेखीखाली सोपविले. १७९८ मध्ये श्वार्ट्झ वारला आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. गुरूचा धर्म शिष्याने स्वीकारला नाही. गुरूविषयीची कृतज्ञता मात्र आयुष्यभर बाळगली. शिष्याला स्वतःसारखा न करताही त्याला घडविता येते, याचे हे उदाहरण.

सरफोजींनी पुढे मुक्तांबाळ छत्रातील पाठशाळांत अनेक भाषांच्या अध्ययनाची सोय केली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांच्या मुद्रणालयात इसापच्या कथा ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने मराठीत छापल्या गेल्या. दूरच्या ग्रीक कथा तमिळ प्रदेशात मराठी मुलांसाठी आल्या. नवे ज्ञान द्यायचे, पण ते मुलाच्या भाषेतून द्यायचे, ही दृष्टी त्यामागे दिसते.

आज भाषाशिक्षकांसाठी सेवांतर्गत प्रशिक्षण आणि उजळणीवर्ग भरतात. त्यांत पाठाचे टाचण, मूल्यमापन, नवनवी साधने यांची चर्चा होते, आणि ती आवश्यकही आहे. परंतु अनेक वर्षे शिकविलेला माणूस स्वतः न येण्याचा अनुभव विसरून गेलेला असतो. म्हणून अशा वर्गात प्रत्येक शिक्षकाने एखादी अपरिचित लिपी शिकावी. मराठीच्या शिक्षकाने तमिळ वा मोडी गिरवावी. अक्षर वाकडे आले, उच्चारावर कोणी हसले, की आपण वर्गात काय करीत आलो, ते त्याला टाचणाविना कळेल.

आणि मग परत वर्गात गेल्यावर त्याने एवढेच करावे: फळ्यावर पुस्तकातला शब्द लिहावा, शेजारी मुलाच्या घरचा शब्द लिहावा, आणि कोणता कोठे वापरायचा ते सांगावे. घरच्या शब्दाचा नेमका अर्थ त्याने मुलालाच विचारावा. त्या क्षणी मूल शिक्षक होते आणि शिक्षक विद्यार्थी. अधिकार थोडा कमी होतो खरा. पण मूल पुढचा शब्द न घाबरता उच्चारते.